पुढच्या चाकांची पैज

आमच्या जीपच्या पुढच्या चाकांना वळण्यापलीकडे काही काम नव्हतं. मंठ्याच्या स्टँडवर हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाबांनी ती जीप लिलावात घेतली तेव्हा ती चारही चाकांनी ओढणारी होती, चिखलातून निघायला आणि घाट चढायला बनवलेली. पण मंठा ते जालना रस्त्यावर कसला आलाय घाट? आणि पुढचीही चाकं ओढायला लागली की गाडी डिझेल ढोसते. म्हणून जीपला काळा-पिवळा रंग लागायच्या आधीच बाबांनी इंजिनाकडून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब लोखंडी दांडा खोलून काढला आणि परसात टाकून दिला. पुढच्या एक्सलच्या मधोमध असलेला दातेरी चाकांचा गोळा मात्र तसाच राहिला, बिनकामाचा. स्टँडवरच्या सगळ्या जुन्या जीपांचं असंच होतं. गोळा पुढेही आणि मागेही, पण काम करायचा फक्त मागचा.

मी या जीपखाली वाढले. यात क्रांतीबिंती काही नव्हती. बाबा इतके तापट, की त्यांच्याकडे क्लिनर टिकायचाच नाही. त्यामुळे रविवारी जीप उभी असली की पाने द्यायला मीच. "चौदा-पंधराचा दे. चौदा-पंधराचा म्हन्लं मी, डोळे कुठं हायेत तुझे?" बाबा ओरडायचे, मी उलट ओरडायचे, आई दोघांवर ओरडायची. तो स्वभाव मी बापाकडून जसाच्या तसा उचलला आहे आणि तो बदलायचा माझा काही विचार नाही. पण त्या आरडाओरड्यात मला हे कळत गेलं की कुठलं चाक कुणाला फिरवतं. ते कळलं की मला जो आनंद व्हायचा, तो शाळेतल्या कुठल्या विषयात कधी झाला नाही. दहावीत गेले तेव्हाच मी जाहीर करून टाकलं, की मी जालन्याला पॉलिटेक्निकला जाणार आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा करणार.

जाहीर केलं, पण आमच्या घरात मोठे निर्णय व्हायचे मस्तगडला आणि मंठ्याला ते नुसते कळायचे. मस्तगडला, म्हणजे जुन्या जालन्यात, मोठे काका राहायचे. ते शिक्षक होते. खानदानातला पहिला पगार त्यांचा, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, हेही सांगून ठेवते. माझी पुस्तकं दर वर्षी त्यांनीच आणली आणि माझे मार्क ते स्वतःच्या पोराआधी विचारायचे. पण माझं आयुष्य त्यांनी आधीच आखून ठेवलं होतं. "अकरावी-बारावी आर्ट्स, मंग डी.एड., मंग जिल्हा परिषदेची शाळा. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. पोरीच्या जातीला आनखी काय पाह्यजे?" मेकॅनिकलचं नाव काढलं की ते हसायचे. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, एक-दोन वर्षं इकडेतिकडे. त्या दिवाळीत सगळे मंठ्याला जमले होते. मोठ्या काकांचा मुलगा, माझा भैया, पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याने बॅगेतून रंगीत प्रिंट काढले आणि जीपच्या बोनेटवर पसरले. एका परदेशी कंपनीची खेळण्यातली गाडी होती ती, प्लॅस्टिकच्या लहान लहान विटा आणि भोकं पाडलेल्या पट्ट्या एकमेकींत अडकवून बनवायची. बाजारात यायला अजून काही महिने होते. कंपनीने फक्त फोटो टाकले होते, आत काय चालतं ते सांगितलेलं नव्हतं. पण जगभरातली मोठी मोठी माणसं इंटरनेटवर तेवढ्यावरूनच वाद घालत बसली होती, असं भैया म्हणाला. त्याच्या होस्टेलवरही तेच. त्याच्या मित्राचा भाऊ उन्हाळ्यात परदेशातून येताना एक डबा घेऊन येणार होता.

"सांगा बरं," भैया म्हणाला, "याच्यात काय काय हालत असंल?"

सगळे वाकून बघायला लागले. फोटोतली गाडी बघून मला हसूच आलं. ही तर आमच्या जीपचीच धाकटी बहीण. तशीच उंच, तशीच चौकोनी, पाठीला स्टेपनी. खालून काढलेल्या फोटोत दोन्ही एक्सल दिसत होते आणि दोन्हींच्या मध्ये गोळे. मागच्या गोळ्यातून इंजिनाकडे जाणारा दांडा स्पष्ट दिसत होता. पुढच्या गोळ्यापाशी नुसती काळी सावली होती.

भैया म्हणाला, आत बॅटरी असणार आणि बटण दाबलं की गाडी पळणार. दारंसुद्धा बटणावर उघडत असतील. मोठ्या काकांनी मान डोलावली. इंजिनिअर होणारा पोरगा बोलला म्हणजे संपलं.

"बॅटरी न्हाई," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"ठेवायला जागा कुठं हाय? हे बघ, सीटखालून पलीकडची भिंत दिसून राह्यली." मग माझी गाडी सुटली ती सुटलीच. इंजिन दाखवलंय म्हणजे त्यातले पिस्टन हलत असणार. पण ते इंजिन चाकांना फिरवत नसणार, चाकंच इंजिनाला फिरवत असणार. आपली जीप थंडीत सुरू झाली नाही की आपण काय करतो? गिअरमध्ये टाकून धक्का मारतो. चाकं फिरली की इंजिन फिरतं. इथेही तसंच. पोरगं गाडी ढकलणार आणि पिस्टन वरखाली होणार. आतल्या स्टेअरिंगला पोराचा हात पोहोचत नाही, म्हणून छतावर ही गोल चकती दिली आहे, ती फिरवली की पुढची चाकं वळणार. चाकांपाशी या पिवळ्या स्प्रिंगा आहेत, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणार. आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. पुढचा गोळा नुसता शोभेचा आहे, दांडा नाही त्याला.

शेवटचं वाक्य मी सगळ्यांत ठासून सांगितलं. त्या सावलीत मला बघायची गरजच वाटली नाही. जन्मापासून जेवढ्या जीपा खालून बघितल्या, त्यांत एकीलाही पुढचा दांडा नव्हता. अशी चैन कोण करतं?

बाबा मिशीत हसत होते. ते बघून मोठे काका हसायचे थांबले. "असं हाय?" ते म्हणाले. "मंग ऐक. हे खेळनं येऊ दे उन्हाळ्यात. तू म्हन्ली ते सगळं बराबर निघालं, तर जा मेकॅनिकलला, मी आडवा येनार न्हाई. पन यातलं एक जरी चुकलं, तर गपगुमान आर्ट्स. पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

"मंजूर," मी म्हणाले. "बिलकुल मंजूर."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तू काय पत्त्याच्या डावाला बसली का?" पण शब्द गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो परत घ्यायचाही नव्हता. मला वाटलं, मोठे काका फसले.

पुढचे काही महिने ती गाडी मंठ्याच्या स्टँडवर येऊन उभी असल्यासारखी तिची चर्चा चालली. बाबांनीच बाहेर सांगितलं असणार. जीपमध्ये कोंबून बसलेले पॅसेंजर मतं द्यायचे. एकजण म्हणायचा, परदेशातलं खेळणं म्हणजे त्यात खरं पेट्रोलच घालत असतील. एकदा मीही जीपमध्ये असताना एका म्हाताऱ्या आजींनी पार जालना येईपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि उतरताना विचारलं, "बाई, ती गाडी कशीबी पळू दे. तुला शिकायचं हाय तर तिला कामून इचारतेत?" सगळे हसले. मीही हसले.

दहावीचे पेपर झाले. उन्हाळा चढला. आणि एक दिवस मस्तगडहून निरोप आला, की डबा आला आहे.

मी बाबांच्या पहिल्या फेरीनेच गेले. भैयाने बैठकीच्या खोलीत चादर अंथरून त्यावर तुकड्यांचे ढीग लावले होते. काळे, लाल, राखाडी, आणि दातेरी चाकं इतकी, की मला तहानभूक राहिली नाही. डब्यात चित्रांचं एक पुस्तक होतं, कुठला तुकडा कुठे बसतो ते दाखवणारं. भैया चित्र बघून तुकडे शोधायचा, मी बसवायचे. खालचा सांगाडा आधी. मागचा एक्सल, गोळा, दांडा. मी तो फिरवून बघितला, दात दातांत बसले. मग इंजिनातली ती पिस्टनची रांग. चाक फिरवलं आणि पिस्टन खालीवर झाले. धक्का-स्टार्ट! मी भैयाच्या पाठीत धपाटा घातला. बॅटरी कुठेच नव्हती. छतावरच्या चकतीसाठी स्टेअरिंगपासून वर जाणारा दांडा होता. स्प्रिंगा प्रत्येक चाकाला वेगळ्या. एकेक गोष्ट मी म्हटल्यासारखी निघत होती. काकूंनी आणलेला चहा माझ्याजवळ गार झाला.

भैया अंघोळीला गेला. मी पुढचं पान उलटलं. चित्रात एक लांब काळा दांडा होता. त्याचं एक टोक मधल्या दातेरी चाकांत जात होतं आणि दुसरं पुढच्या गोळ्यात.

मी पुस्तक उलटं धरून बघितलं. मागची पानं बघितली, पुढची बघितली. मग ढिगात हात घातला तर तो दांडा तिथे होता, बोटभर लांबीचा, काळा, गुळगुळीत. त्याला दुसरं कुठलंच काम नव्हतं. मी चुकले होते. बाकी सगळं बरोबर आणि नेमकं तेच चूक, जे मी ठासून सांगितलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. तो दांडा बसवला नसता तरी गाडी उभी राहिली असती. ढकलली तर पळाली असती, पिस्टन हलले असते, वळली असती. वरून छत बसलं की खाली कोण बघणार होतं? भैया तर आत गाणं म्हणत होता. दांडा ओढणीच्या गाठीत बांधायचा, आणि पॉलिटेक्निक माझं. आमच्या जीपचा पुढचा दांडा काढल्याने तिचं काही अडलं होतं का?

हे सगळं माझ्या मनात आलं, आणि मी तो दांडा उचलून बसवला. मी फार सत्यवचनी आहे अशातला भाग नाही. दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्या दोन्ही दातेरी चाकांमधली जागा बघितल्यावर दांडा हातात ठेवणं मला जमलंच नाही. तो बसला तेव्हा बारीक टक्क असा आवाज झाला, आणि मी तो फिरवला तर चारही चाकं एकदम फिरली. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे मला राग आला होता. माझं मेकॅनिकल, आणि ते मी चोरून का घ्यावं?

संध्याकाळी मोठे काका भाजीची पिशवी घेऊन आले. थोड्या वेळाने बाबा शेवटची फेरी संपवून मला घ्यायला आले. गाडी पूर्ण होऊन टेबलावर उभी होती. भैया सांगायला लागला, की हिचं हेही बरोबर आलं, तेही बरोबर आलं. मी त्याला थांबवलं. "पुढच्या चाकांनाबी ताकद जाती," मी म्हणाले. "मी चुकले."

भैयाने गाडीचा मागचा भाग उचलून धरला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर ती टेबलावर ढकलली. पिस्टन हलले. मोठ्या काकांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो, कारण त्यात बिलकुल कपट नव्हतं. "जाऊ दे," ते प्रेमाने म्हणाले. "लय हुशार हाय तू. पन ठरलं ते ठरलं. निकाल लागला की आर्ट्सचं बघू."

"न्हाई," मी म्हणाले.

"शब्द दिल्ता तू."

"दिल्ता. मोडते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या काकांशी असं कुणी बोलत नसे, बाबासुद्धा नाही. पण माझं तोंड थांबत नव्हतं. "भैया म्हन्ला बॅटरी हाय, न्हाई निघाली. दारं बटनावर म्हन्ला, तेबी न्हाई निघालं. त्याचं तर एकबी बराबर आलं न्हाई. त्याला म्हन्ले का तुम्ही, सोड कॉलेज अन् बस डी.एड.ला? तो चुकला तर शिकंल. मी चुकले तर झालं, मिटलं. कामून, काका? मला सगळंच येत असतं तर मला शाळा कशाला पाह्यजे होती? येत न्हाई म्हनूनच जायचं हाय ना मला!"

भैया गाडीकडे बघत राहिला. त्याने एक शब्द तरी बोलायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं.

मोठे काका बाबांकडे वळले. "पोरीला आवर."

बाबांनी मोठ्या भावापुढे कधी मान वर केली नव्हती. तेव्हाही केली नाही. टेबलावरची गाडी उचलून तिच्या पोटाखाली बघत ते म्हणाले, "भाऊ, तिची चूक न्हाई ती. आपल्या गाडीचा दांडा मी काढल्ता. तिनं जन्मात पाह्यलाच न्हाई, तर तिला कसा दिसनार? जिथं तो काढत न्हाईत तिथं जाऊ द्या तिला. पाहून तर येऊ द्या."

मग मोठे काका म्हणाले, "तुझी पोरगी हाय, तुझं तू पाहा," आणि आत निघून गेले. जेवायला थांबा, असं त्या घरातून आम्हाला पहिल्यांदाच कुणी म्हणालं नाही. जीपमध्ये बसल्यावर बाबा माझ्यावर ओरडले, की मोठ्यांशी बोलायची ही पद्धत झाली का. मीही ओरडले. मंठा येईपर्यंत आम्ही ओरडत होतो. निकाल लागला त्या आठवड्यात त्यांनी फेरी बुडवली आणि मला पॉलिटेक्निकला घेऊन गेले.

मी मेकॅनिकलला गेले. वर्गात पोरं हसली, वर्कशॉपमध्ये माझा हात कापला, पहिल्या वर्षी एक विषय राहिलाही. तो राहिला तेव्हा मस्तगडहून कुणीतरी म्हणालंच, की सांगितलं होतं. मी तो पुन्हा दिला आणि सुटले. आज पोटापाण्याचं जे काही आहे ते त्याच शिक्षणावर आहे, आणि माझ्या हातून अजूनही चुका होतात. होऊ देत.

पण एक सांगते. हा किस्सा आमच्याकडे आता बाबांचा म्हणून सांगितला जातो. लग्नकार्यात कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, बापाने भावापुढे पोरीची बाजू कशी घेतली. बाबांचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी फेडू शकत नाही. तरीही हे ऐकताना माझ्या मस्तकात जातं. दार उघडलं ते बाबांच्या बोलण्याने. माझ्या बोलण्याने नाही. चूक माझी नव्हती, असं ठरल्यावर मला जाऊ दिलं. आणि असती तर? मी नुसतीच चुकले असते, भैया चुकला तशी, काही कारण नसताना, तर?

मोठे काका आता थकले आहेत. मी भेटायला जाते, ते डोक्यावर हात ठेवतात, नोकरीचं विचारतात, सगळ्यांना अभिमानाने सांगतात की ही आमची इंजिनिअर. मी त्यांना चहा करून देते, समोर बसते. आणि दर वेळी, ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने, त्यांना तेच विचारते, "काका, त्या दिवशी भैयाला कामून न्हाई म्हन्ले, सोड कॉलेज म्हनून?"

ते कप खाली ठेवतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी बसून राहते.